पौषातली उन्हाळी

मुलुंड पूर्व
१८ जानेवारी २०२४, पौष शुद्ध अष्टमी

प्रिय यज्ञेश,

आशीर्वाद द्यावेत इतका मी तुझ्याहून मोठा नाही आणि नमस्कार करायला सध्या वाकवत नाही, तेव्हा नुसतंच प्रिय. मावसभावाला एवढं चालावं.

पाकीट बघून दचकला असशील. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर भेटणारा माणूस तिकीट चिकटवून तुझ्या मरोळच्या ऑफिसात कशाला येतो? तर आमच्या घरात दोन खोल्या, तीन माणसं आणि शून्य गुपितं. फोनवर बोलावं तर पद्मजा स्वयंपाकघरातून उत्तरं देते. व्हॉट्सअ‍ॅप कल्पिताच्या लॅपटॉपवर उघडं असतं, आणि बापाचं हे दुखणं मुलीने वाचावं अशी माझी इच्छा नाही. वाचून झालं की तुमच्या ऑफिसात कागदाच्या शेवया करणारं यंत्र आहे, त्याला हे पत्र अर्पण करावं.

आता मुद्दा. मला उन्हाळी लागली आहे.

हस. हसून झालं की पुढे वाच. बाहेर थंडी, संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात, आणि आम्हाला पौषात उन्हाळी. आयुर्वेदात ह्याला मूत्रकृच्छ्र म्हणतात. दुखण्याला संस्कृत नाव सापडलं की निम्मी लाज जाते. उरलेली निम्मी मात्र मराठीतच राहते. तर आमची लघुशंका सध्या दीर्घ झाली आहे. जावं, ताटकळावं, आणि आचमनापुरतं यावं, तेही निखाऱ्यावरून आल्यासारखं. परत येऊन बसलं की पुन्हा बोलावणं.

कारण मला ठाऊक आहे. कॉलेज सांभाळून मी पूजा-होमाची जी कामं करतो त्यात माझी एक ख्याती आहे. एकदा सोवळं नेसून आसनावर बसलो की कार्य संपेपर्यंत उठत नाही. उठलं की पुन्हा हातपाय धुवा, पुन्हा सोवळ्याचा घोळ, यजमान ताटकळतो. म्हणून पहाटेपासून पाणीच प्यायचं नाही. जो पीत नाही त्याला उठावं लागत नाही, साधा न्याय आहे. मुलुंडात लोक मला 'न उठणारे गुरुजी' म्हणतात आणि मला ते आवडतं. मार्गशीर्षात लागोपाठ कामं झाली, अंगातली उष्णता वाढली. एवढंच असणार.

तुला कधी असं झालं होतं का? काय घेतलंस? पद्मजाला विचारता येत नाही. सारखं उठावं लागतं म्हणून मी घोरण्याचं निमित्त काढून हॉलमध्ये झोपायला लागलो आहे.

उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर. तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला माघातला दिवस काढतो.

तुझा
विद्याधर


मरोळ, अंधेरी पूर्व
२५ जानेवारी

शास्त्रीबुवा,

ऑफिसात एवढा हसलो की शेजारच्या टेबलावरच्या कमल मॅडम विचारायला आल्या, कुणाचं लग्न ठरलं का. यार, तू पण ना. आचमनापुरतं काय, मूत्रकृच्छ्र काय. तुझं दुखणंसुद्धा पाठ्यपुस्तकातनं येतं.

टेन्शन घेऊ नको. उन्हाळी आहे, सगळ्यांना होते. धने-जिरे भिजत घाल, सकाळी गाळून खडीसाखर टाकून पी. आई सब्जा द्यायची. बडीशेपही चालते म्हणे. आणि पाणी पी रे, उंट आहेस का तू? मला नाही कधी झालं, मी तुझ्यासारखा तपस्वी नाही, दिवसभर काही ना काही ढोसत असतो. आठ दिवसांत झकास होशील. नाही झालास तर जा ना गार्गीकडे. कोपऱ्यावरच दवाखाना, तुझीच विद्यार्थिनी, फीसुद्धा घेणार नाही.

वास्तुशांत १८ फेब्रुवारी, रविवार, पक्की कर. सासरे येणार आहेत आणि त्यांना सगळं साग्रसंगीत लागतं. मी आधीच सांगून ठेवलंय, आमचा विद्या एकदा बसला की भूकंप झाला तरी उठत नाही. इज्जत राख.

पत्राच्या शेवया झाल्या.

यज्ञेश


मुलुंड पूर्व
५ फेब्रुवारी

प्रिय यज्ञेश,

धने झाले, जिरे झाले, सब्जा झाला. कल्पिताने विचारलं, बाबा तुम्ही रोज सकाळी फालुदा का पिताय. मी तिलाही एक ग्लास दिला.

गुण आला नाही. मग आमच्या फडताळातच दिव्य औषधी सापडली. दिवाळीच्या सुमारास पद्मजाला हाच त्रास झाला होता. गार्गीने गोळ्या दिल्या, बरं वाटल्याबरोबर हिने उरलेल्या डब्यात टाकल्या. दुखणं तेच, घर तेच, औषध दुसरं कशाला? नवऱ्याच्या पुण्यातला निम्मा वाटा बायकोला मिळतो म्हणतात, मग बायकोच्या गोळ्यांनी काय पाप केलंय? घेतल्या. दोन दिवसांत निखारे विझले. परवा किंचित गुलाबी दिसलं, पण आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर होती.

गार्गीकडे जा म्हणतोस. अरे, अकरावीत ती माझ्यासमोर उभी राहून संस्कृतची रूपं म्हणायची. चुकली की मी नुसती भुवई वर करायचो आणि हिच्या डोळ्यांत पाणी. आता भुवई तिची आणि उभा राहणार मी? सांगणार काय, कुठे दुखतं? शिवाय डॉक्टर असल्या दुखण्यात विचारतात म्हणे, बाहेर कुठे जाऊन आलात का. तो प्रश्न तिने मला विचारायचा, मी नाही म्हणायचं, आणि तिचा विश्वास बसला की नाही हे कळायला वर बघायचीही सोय नाही. त्यापेक्षा निखारे परवडले.

असो. प्रकरण मिटलं. पवईच्या एका टॉवरमधून मोठ्या कामाची विचारणा आहे, बघू. १८ ला सकाळी तुझ्याकडे हजर. सासऱ्यांना म्हणावं, आसन भक्कम आहे.

तुझा
विद्याधर


मरोळ
२० फेब्रुवारी

विद्याधर,

शास्त्रीबुवा म्हणायची इच्छा नाही.

परवा तू काय केलंस ते तुला तरी कळलं का? संकल्पाला उठलास. मी म्हटलं ठीक आहे, होतं. नवग्रहांना उठलास. आणि हवनात, मी आणि ही तुपाच्या पळ्या हातात धरून बसलोय, तू तिसऱ्यांदा उठून नव्या बाथरूममध्ये गेलास तो येईनास. अग्नी बसत आला. माणसं मोबाइल काढायला लागली. सासऱ्यांना दाराआडून बोलण्याचा आवाज आला. मला म्हणाले, "जावईबापू, गुरुजींनी दुसरीकडचंही घेतलेलं दिसतंय. फोनवर आहेत."

बाहेर आलास तो घामाघूम, आणि त्यानंतर जे उरकलंस त्याला वास्तुशांत म्हणायचं असेल तर म्हण. जेवायला थांबला नाहीस. दक्षिणेला हात लावला नाहीस. तेव्हाच कळलं, ह्याच्या मनात खोट आहे. पवईचं काम त्याच दिवशी होतं ना? सरळ सांगायचंस, मी दुसरा गुरुजी बघितला असता. भावाचं घर, काय बोलणार आहे तो, असंच ना?

उन्हाळीचं कारण देऊ नको. बरी झाली असं तूच लिहिलंयस.

सासऱ्यांसमोर माझी वाट लावलीस. एवढंच सांगायचं होतं.

यज्ञेश


मुलुंड पूर्व
२७ फेब्रुवारी

यज्ञेश भावजी,

तुमचं पत्र कॉलेजचे शिपाई दत्ताराम घरी देऊन गेले, सर रजेवर आहेत म्हणून. मी उघडलं. हे उघडायच्या स्थितीत नव्हते.

हे पवईला गेले नव्हते. कुठेच गेले नव्हते. तुमच्याकडून रिक्षाने थेट घरी आले आणि हॉलमध्ये आडवे झाले. दुपारी दात वाजायला लागले. घरातली होती नव्हती ती पांघरुणं घातली तरी थंडी जाईना. कंबर धरून कण्हत होते. काय होतंय विचारलं तर म्हणतात, उन्हाळी. म्हटलं, दात वाजवणारी उन्हाळी कुठली हो? सकाळपासून लघवी जवळजवळ झालीच नव्हती, पोट दगडासारखं झालं होतं, हे मला नंतर कळलं. मी गार्गीला फोन लावला तर हात जोडून म्हणाले, तिला नको, दुसरं कुणीही बोलव. भावजी, बावीस वर्षांत ह्यांनी माझ्यापुढे हात जोडले नव्हते. मी तरी तिलाच बोलावलं.

तिने विचारलं, हे संस्कृतात सांगायला लागले. ती म्हणाली, "सर, साधं सांगा. लघवीला जळजळ कधीपासून? रक्त दिसलं होतं?" भिंतीकडे बघून म्हणतात, "बीट खाल्लं होतं." आमच्या घरात संक्रांतीपासून बीट आलेलं नाही.

मग तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबले, पण आमचं दार तुम्हाला माहीत आहे, सगळं ऐकू येतं. बाहेर कुठे जाऊन आलात का, तो प्रश्नही विचारला तिने. हे नाही म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "बरं. मला सगळ्यांनाच विचारावं लागतं सर, राग मानू नका." एवढंच. ज्याच्यासाठी ह्यांनी महिनाभर अंगावर काढलं तो प्रश्न एवढाच होता.

मी बाहेर उभी राहून रडत होते. का ते सांगते, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. हॉलमध्ये झोपणं, स्वतःचा पंचा गुपचूप स्वतः धुणं, मी जवळ गेले की अंग चोरणं. मला वाटलं होतं दुसरं कुणीतरी आहे. कल्पिता झोपली की मी ह्यांचा फोन बघायची. महिनाभर मी एका बाईला शोधत होते, आणि ह्यांनी माझ्यापासून लपवल्या होत्या त्या माझ्याच उरलेल्या गोळ्या.

आणि तुमच्या बाथरूममध्ये हे फोनवर बोलत नव्हते. स्तोत्र म्हणत होते. कण्हणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

हॉस्पिटलात नेल्यावर नळी घालून लघवी काढली, शिरेतून औषधं सुरू केली. प्रोस्टेट सुजून वाट अडली होती आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. आणखी एक दिवस काढला असता तर रक्तात गेले असते म्हणाले. गार्गी मला काय म्हणाली ते तुम्हीही ऐकून ठेवा, पन्नाशी तुमचीही आली. बायकांना हा त्रास सहज होतो, आमची रचनाच तशी. पुरुषाला झाला तर त्याला सहज म्हणायचं नाही. आत खडा आहे, प्रोस्टेट आहे, काय आहे ते शोधायलाच लागतं. पहिल्यांदा जळजळलं तेव्हाच लघवी तपासून घ्यायची आणि त्याप्रमाणे औषध, पूर्ण दिवस. दुसऱ्याच्या गोळ्या अर्ध्यामुर्ध्या घेतल्या की जंतू मरत नाहीत, नुसते दबा धरून बसतात. आणि ताप, थंडी, रक्त, कंबरेत कळ, लघवी अडणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

तुम्हाला हे जानेवारीतच माहीत होतं असं ह्यांनी काल सांगितलं. दोन शिकलेले पुरुष पोस्टाने बडीशेपेवर चर्चा करत होते, आणि मी भिंतीपलीकडे झोपत होते.

ताप उतरलाय. नळी अजून आहे. भेटायला येऊ नका, नळी कुणी बघू नये असं त्यांना वाटतं. लिहायचं असेल तर लिहा.

पद्मजा


मरोळ
२ मार्च

विद्या,

चार वेळा लिहून फाडलं. पद्मजा वहिनींना काय तोंड दाखवू कळत नाही. तू सांगितलं होतंस आणि मी हसलो होतो. नुसता हसलो नाही, ऑफिसभर आवाज जाईल एवढा हसलो.

एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी तू गेल्यावर हिने बघितलं, बाथरूमची फरशी धुऊन पुसलेली होती आणि तुझं उपरणं पिळून खिडकीत टाकलेलं होतं. मला वाटलं, गुरुजींचं सोवळं, असेल काहीतरी. तू त्या अवस्थेत खाली बसून आमच्या नव्या घराची फरशी पुसलीस, बरोबर ना? काय पुसलंस ते आता कळतंय. मी तिकडे बाहेर सासऱ्यांपुढे तुझ्या नावाने मान हलवत होतो.

सासरे अजून तुला नावं ठेवतात. खरं काय ते त्यांना सांगू का? तू नको म्हणालास तर नाही सांगणार. शिव्या मी खाईन.

यज्ञेश


मुलुंड पूर्व
२२ एप्रिल

प्रिय यज्ञेश,

उत्तराला फार दिवस लावले. शरीर कधीच उभं राहिलं होतं, हात मात्र कागदापर्यंत येत नव्हता.

नळी कधीच निघाली. गोळ्या बरेच आठवडे घ्याव्या लागल्या, लघवी पुन्हा पुन्हा तपासली, सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट वाढलेली आहे, तिची एक गोळी आता रोजची सोबतीण. मूत्रविकारतज्ज्ञांनी तपासताना जे केलं ते मी तुला लिहिणार नाही; कूस बदला म्हणाले तेव्हा मी छताचे कोपरे मोजत होतो. गार्गी दर आठवड्याला विचारते, सर, पाणी किती प्यालात? मी आकडा सांगतो आणि ती भुवई वर करते. शिकवलेलं वाया जात नाही.

पद्मजाने हॉलमधली गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. एकदा फक्त म्हणाली, मला आधी सांगितलं असतंत तर मी हसले नसते. तिच्या त्या महिन्याची मला जितकी लाज वाटते तितकी नळीचीही वाटली नाही.

कामं बंद करणार होतो. तिने करू दिली नाहीत. म्हणाली, जा, पण पाण्याची बाटली आसनाशेजारी दिसली पाहिजे. काल घाटकोपरला एका हॉलमध्ये मुंज होती. बाटली घेऊन गेलो, प्यालो, आणि अर्थात मातृभोजन आटोपता आटोपता बोलावणं आलं. माणसं दोनशे. ह्या हॉलवाल्यांनी आताशा गुरुजींच्या उपरण्याला माइक लावायची पद्धत काढली आहे, म्हणजे मंत्र शेवटच्या रांगेपर्यंत जावेत. मी उठलो. 'जरा हात धुऊन येतो' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि लक्षात आलं की हे पुन्हा तेच चाललंय. म्हटलं, "मी लघवीला जाऊन येतो. मुहूर्ताला अवकाश आहे. कुणाला जायचं असेल तर जाऊन या."

माइक चालू होता. हॉलमध्ये अशी शांतता मी मंगलाष्टकांतही ऐकलेली नाही. माझे कान तापले. वाटलं, सोवळं तिथेच सोडून रिक्षा पकडावी. मग एक खुर्ची सरकली. दुसरी सरकली. मी बाहेर पडलो तोवर माझ्यामागे पंधरा-वीस पुरुषांची रांग होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माझ्या लगेच मागे बटूचे आजोबा, अंबादासराव. सत्तरीचे, जरीची टोपी, भिंतीला हात लावून उभे. हळूच म्हणाले, "बरं झालं बोललात गुरुजी. मला तासभर झाला."

"मग उठला का नाहीत?"

"तुम्ही बसला होतात ना. म्हणे उठत नाहीत तुम्ही. मग आम्ही यजमानांनी कसं उठायचं?"

यज्ञेश, हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी एकटाच बसलोय असं समजत होतो. माझ्या त्या ख्यातीपायी समोरच्या पाटावर किती म्हातारे दात आवळून बसले असतील, आणि मी त्यांची श्रद्धा समजून मंत्र आणखी सावकाश म्हटले असतील.

त्यांना पुढे सोडलं. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एक बारीकसं 'आई गं'. तो सूर मी ओळखतो. मागच्या रांगेला दुसऱ्या दाराकडे पाठवलं आणि तिथेच उभा राहिलो. बाहेर आले तेव्हा विचारलं, "जळजळतं का?"

"नाही, नाही. वयोमान."

"रक्त?"

टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "मुलाला सांगू नका. घरात कार्य आहे. आणि असल्या गोष्टी सुनेच्या घरात कुठे बोलायच्या?"

"लाज वाटते?"

"वाटणारच की."

"मलाही वाटते. अजून वाटते. आत्ता माइकवर बोललो, तुम्हाला काय वाटलं, आनंदाने बोललो? पण मी लाज सांभाळत बसलो आणि नळी लावून घेतली. तुम्ही लाज बरोबर घेऊन चला. डॉक्टर तिला बाहेर बसवत नाहीत."

तेवढ्यात बटूचा बाप शोधत आला. "गुरुजी, मुहूर्त. बाबा, तुम्ही इथे काय करताय?" अंबादासराव माझ्याकडे बघायला लागले. सांगा असंही नाही, नको असंही नाही. मी जागचा हललो नाही. दारात असा उभा राहिलो की बापलेकांना तिथून जाता येईना. न उठण्याची सवय होतीच, ती उभ्याने वापरली. आणि मग ते जमिनीकडे बघत मुलाला म्हणाले, "लघवीतून रक्त जातंय. होळीपासून."

मुलाने बापाचा हात धरला आणि फोन काढला.

मुहूर्त गाठला. मुंज व्यवस्थित लागली. आज सकाळी मुलाचा फोन होता, वडील दवाखान्यातच आहेत, तपासण्या चालू आहेत, काय निघतं ते अजून माहीत नाही. मीही वाट बघतो आहे.

तुझ्या सासऱ्यांबद्दल विचारलं होतंस. सांग त्यांना, सगळं सांग, फरशीचंही सांग. त्यांचंही वय झालंय. ऐकताना ते खाली बघायला लागले तर थांबू नकोस, पुढचं विचार. फक्त मी समोर नसताना सांग. तेवढी लाज अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

तुझा
विद्याधर